दीड म्हातारी

आबांना आमचं गाव चक्रम म्हणायचं. अजूनही म्हणतं. मागे एका लग्नात जुन्या ओळखीचे एक गृहस्थ पंगतीत शेजारी बसले होते. आबांचा विषय निघाला तर जिलेबीचा तुकडा मोडत म्हणाले, "ते होय! भर उन्हात रस्ते मोजत फिरायचे. डोक्यावर परिणाम झाला होता." आणि हसून त्यांनी दुसरी जिलेबी वाढून घेतली. मला इतका संताप आला की ताटावरून उठावंसं वाटलं. उठले नाही, पण पुढे एक घासही गोड लागला नाही. शहाण्या माणसाला वेडा ठरवून गाव मोकळं होतं, आणि पुढे पन्नास वर्षं तो किस्सा चवीनं सांगत बसतं. म्हणून खरं काय घडलं ते एकदा लिहून ठेवते.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण यातल्या काहींची मुलंबाळं तिथंच आहेत. जळगावहून धुळ्याकडे जाताना हमरस्त्यावर लागणारं नगरपालिकेचं गाव, एवढं पुरे. आबा त्या नगरपालिकेत ओव्हरसियर होते. रस्ते, गटारं, नव्या वस्त्यांचे नकाशे, सगळं त्यांच्याकडे. मी ट्रेसर म्हणून लागले तेव्हा सत्तर साल उजाडायला एक-दोन वर्षं होती. वडील वारले होते, घरात आई आणि मी. जळगावला ट्रेसिंगचा कोर्स केला होता, त्यावर ही हंगामी नोकरी मिळाली. ऑफिसात बाई अशी मी एकटीच.

पहिल्या दिवशी आबांनी माझ्यासमोर गावाचा एक जुना नकाशा टाकला. "याची नवी प्रत कर. शाईचा डाग पडला तर पुन्हा पहिल्यापासून." मी पाहते तर नकाशावर जागोजागी लाल शाईनं बारीक अक्षरात लिहिलेलं. कन्याशाळा ते बाजार, दीड म्हातारी, मध्ये सावली नाही. स्टँड ते दवाखाना, दोन म्हाताऱ्या, गटार उघडं.

मला वाटलं, कोणीतरी थट्टा केली असावी. भीत भीत विचारलं, "आबा, हे म्हातारी म्हणजे काय?"

"माप आहे."

"कशाचं?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "फूट, यार्ड, फर्लांग ही धडधाकट गड्याची मापं. गावात काय सगळे धडधाकट गडीच राहतात? सत्तरीची बाई, हातात दोन शेराची पिशवी, वैशाखाचं ऊन. ती न बसता जेवढी चालते, तेवढी एक म्हातारी. पुढे तिला टेकायला जागा पाहिजे. नसली तर ती घरातून निघत नाही. निघाली नाही की खाटेला लागते. खाटेला लागली की संपली. हा तुमच्या रस्त्याचा हिशेब."

हे माप त्यांनी मनानं ठरवलं नव्हतं. चार आठवडे बाजाराच्या दिवशी ते तीन म्हाताऱ्यांच्या मागे टेप घेऊन चालले होते. त्यातली एक जवळच्या खेड्यातून भाजी घेऊन यायची. ती एकदा वळून अंगावरच आली, "मना मांगे काबरं फिरी ऱ्हायना रे भाऊ?" आबांनी तिला नीट समजावून सांगितलं. तेव्हा ती पाटी खाली ठेवून म्हणाली, "मंग लिखी ले. बठ्ठा बजारमा बसाले एक ओटा नही शे. पाय दुखतस तं मी काय गटारमा बसू?" आबांनी वहीत ते जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि वार्षिक अहवालात, ओव्हरसियरच्या अभिप्रायाच्या रकान्यात, त्याच शब्दांत उतरवलं. मुख्याधिकाऱ्यांनी तो अहवाल त्यांच्या अंगावर भिरकावला होता म्हणे.

ओटे नव्हते असं नाही. बाजारात प्रत्येक दुकानापुढे ओटा होता. पण गिऱ्हाईक नसलेलं माणूस बसू नये म्हणून दुकानदारांनी ओट्यांच्या कडेला सिमेंटात फुटक्या बाटल्यांच्या काचा रोवल्या होत्या. मी त्या गावात जन्मले, त्या काचांजवळून रोज शाळेत गेले, आणि मला कधी त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आबांनी एकदा बोट करून दाखवलं, "चोराला अडवायला भिंतीवर काच लावतात. ही कोणाला अडवायला लावलीय?" त्या दिवसापासून मला बाजारात दुसरं काही दिसेना.

माणूस गोड होता असं मी म्हणणार नाही. तोंड फटकळ. नकाशात केसाएवढी चूक झाली तरी सगळ्यांदेखत बोलायचे. चालत्या वरातीत घुसून नवरदेवाच्या बापाला, "तुमच्या दाराशी गटारावरची फरशी फुटलीय, उद्या बदला," असं सांगणारा माणूस. सायकल असून वापरायचे नाहीत. नगरपालिकेची जीप पाहणीला निघाली की हे पायी पुढे गेलेले असत. म्हणायचे, "जीपमधून रस्ता दिसत नाही, नुसतं पोचायचं ठिकाण दिसतं." वैशाखात बारा वाजता, आमच्याकडे कुत्रीसुद्धा गाडीखालून निघत नाहीत अशा वेळी, ते डोक्याला पंचा गुंडाळून बाहेर पडत आणि कोणत्या रस्त्याला कोणत्या बाजूला किती सावली आहे ते खडूनं आखून येत. मागे पोरं "खडूवाले आबा" ओरडत. त्यांना पत्ता नसे.

आणि एवढं गाव डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरातलं दिसलं नव्हतं, हेही लिहायला हवं.

त्यांच्या पत्नीला आम्ही अक्का म्हणत असू. माहेर बोदवडकडचं, बोली तिकडची. अक्कांना मधुमेह निघाला. जळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, रोज तासभर चाला. आबांनी घरी येऊन सांगितलं, "चालत जा रोज." आणि विषय संपवला. पुढे पाच-सहा महिने गेले. एक दिवस आबा बाजारात सावल्या आखत होते, तर समोरून अक्का आल्या. हातात पिशवी. थोड्या वेळानं पुन्हा आल्या, तीच पिशवी. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा आबांनी हाक मारली, "काय घ्यायचं राहिलं?" अक्कांनी पिशवी पदराआड धरली. आबांनी पिशवी हातात घेतली. रिकामी होती.

"रोज रिकामी पिशवी घेऊन हिंडतेस?"

"मंग काय करू?" अक्का खाली बघून म्हणाल्या. "नुसती चालली तं लोकं इचारतेत, कुठी चालल्या, कुठी चालल्या. मले कोनी इचारलं तं काय सांगू? पिशवी दिसली का कोनी नाई इचारत."

हे मला आबांनीच सांगितलं. त्या दिवशी ते ऑफिसात आले ते भिंतीकडे तोंड करून बसले. मग एकदम टेबलावर मूठ आपटून ओरडले, "या गावात बाईला पायी चालायला कारण लागतं! पाणी आण, दळण आण, देवळात जा. नुसतं चालणं हा गुन्हा आहे!" सगळे कारकून वर बघायला लागले. मी मान खाली घातली. कारण मीसुद्धा घरून निघताना हातात काहीतरी धरूनच निघत असे. एखादी वही, एखादा डबा. आजवर त्याचा विचार केला नव्हता.

त्याच सुमारास गावाच्या पश्चिमेच्या जुन्या जिनाची जागा वसाहतीसाठी निघाली. कापसाचं जिन बंद पडून वर्षं झाली होती, मोठं मोकळं रान होतं. जागेचे मालक नगराध्यक्षांचे साडू. नव्या वसाहतीत काही जागा सगळ्यांसाठी मोकळी सोडावी लागते, असा नियम होता. मालकांनी नकाशा करून आणला, त्यात ती मोकळी जागा दाखवली होती ओढ्याकाठच्या खळग्यात. त्या खळग्यात गावातली मेलेली ढोरं टाकत. वरून गिधाडं फिरायची. घरं बांधता येण्यासारखी सगळी जमीन प्लॉटांना, आणि पोरांना खेळायला, म्हाताऱ्यांना बसायला ढोरांची हाडं!

आबांनी सही करायला साफ नकार दिला. त्यांनी स्वतःच दुसरा नकाशा काढला. रेघ त्यांची, शाई माझी. मैदान वसाहतीच्या मधोमध. भोवतीच्या घरांची दारं मैदानाकडे. "म्हणजे चालणाऱ्या बाईवर चार घरांचं लक्ष राहील. तिला भीती नाही, आणि कोणाला कारण सांगायची गरज नाही." मैदानाला लागून चालायची गोल वाट, कडेनं कडुनिंब, आणि ठरावीक अंतरावर बसायचे ओटे. शाळेची जागा अलीकडच्या अंगाला, म्हणजे पोरांना हमरस्ता ओलांडायला नको. मी जन्मात पुढे कितीतरी नकाशे ट्रेस केले, इतका सरळ मनाचा नकाशा पुन्हा हाती आला नाही.

तो सर्वसाधारण सभेपुढे ठेवला तेव्हा मी गुंडाळी धरून दाराशी उभी होते. आबांनी समजावायला सुरुवात केली, तोच एक सदस्य म्हणाले, "बायकांना फिरायला जागा? का हो, झाडलोट, धुणं, पाणी, यात चालणं कमी पडतं का?"

सगळी सभा हसली. त्या हसण्यात शिक्षक होते, वकील होते, व्यापारी होते. मी दाराशी उभी होते हे त्यांच्या गावीही नव्हतं. अजून ते हसू आठवलं की कानशिलं तापतात.

अध्यक्ष म्हणाले, "आबा, तुम्ही ओव्हरसियर आहात का डॉक्टर?"

"डॉक्टरकडे गर्दी होऊ नये म्हणून ओव्हरसियर असतो," आबा म्हणाले.

"अहो, चालायचं तर माणूस कुठंही चालतो. मी चोपड्याकडचा. लहानपणी शाळेला रोज चार मैल पायी जायचो. आम्हाला कोणी वाटा आखून दिल्या होत्या?"

"मग फारच चांगलं," आबा म्हणाले. "उद्या बारा वाजता जिनाच्या जागेपासून सरकारी दवाखान्यापर्यंत चला माझ्याबरोबर. वसाहत झाली की तिथल्या बाया त्याच वाटेनं जाणार. हातात दोन शेराची पिशवी घ्या, म्हणजे झालं."

सभा पुन्हा हसली, पण आता अध्यक्षांकडे बघून. नाही म्हणायची सोय उरली नाही.

दुसऱ्या दिवशी निम्मं गाव रस्त्यावर. वैशाख होता. डांबर पाघळून चपला चिकटत होत्या. अध्यक्ष कडक इस्त्रीचं धोतर, टोपी, हातात केळ्यांची पिशवी, अशा थाटात निघाले. पहिला टप्पा हसतखेळत गेला. कापूस बाजाराच्या रस्त्याला लागल्यावर बोलणं बंद झालं. तिथले निंब आदल्याच वर्षी तारांना आडवे येतात म्हणून नगरपालिकेनं तोडले होते. सावलीचा एक तुकडा नाही. पिठाच्या गिरणीपाशी गटार उघडं म्हणून रस्त्याच्या मधून चालावं लागलं, तर मागून ट्रकचा भोंगा. अध्यक्षांचं तोंड लालबुंद झालं, मग पांढरं पडायला लागलं. पुढे एका आडतीच्या दुकानाचा ओटा दिसला तसे ते लगबगीनं तिकडे गेले, बसायला वाकले, आणि तसेच ताठ झाले. ओट्याच्या कडेला काचा होत्या. ती आडत त्यांच्याच थोरल्या भावाची.

ते दुकानाच्या फळीला धरून उभे राहिले. कोणीतरी धावत जाऊन खुर्ची आणली. भर रस्त्यात, भर उन्हात, गावाचे प्रथम नागरिक खुर्चीत बसले आणि टोपीनं वारा घ्यायला लागले. आबांनी खिशातून वही काढली, मागे वळून अंतर पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अध्यक्ष साहेब, पाऊण म्हातारी."

गाव खो खो हसलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. मी आबांच्या तोंडाकडे पाहत होते. तिथे थट्टेचा मागमूस नव्हता. त्यांनी मापच सांगितलं होतं, जसं शिंपी छाती सांगतो. पण हे कोणाला कळावं?

चौथ्या दिवशी ऑर्डर निघाली. कार्यालयीन सोयीसाठी ओव्हरसियर यांना नदीवरच्या पाणीपुरवठ्याच्या कामी नेमण्यात येत आहे. तीन मैल लांब, एक पंप, एक खोली, एक वॉचमन. आबांनी ऑर्डर घडी करून खिशात ठेवली, टेप आणि पंचा पिशवीत टाकला आणि चालू लागले. ज्या गावानं टाळ्या पिटल्या होत्या, त्यातला एक माणूस नगरपालिकेच्या दारात आला नाही. मला गावाचा राग आहे तो इथला. अध्यक्षांचा परवडला, त्यांचा निदान स्वार्थ तरी होता.

आणि माझं काय? मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावलं. मालकांचा नकाशा, तोच ढोरांच्या खळग्याचा, पुढे सरकवला. "वरच्या ऑफिसला मंजुरीला पाठवायचा आहे. परवापर्यंत ट्रेस करा. तुमची नोकरी हंगामी आहे ना?"

मी ट्रेस केला. दोन दिवस मान मोडून, एक डाग न पाडता. त्या खळग्याभोवती माझ्या हातानं हिरवी किनार काढली आणि सुबक अक्षरात लिहिलं, क्रीडांगण. आबांनी काढलेला वसाहतीचा नकाशा फाडून टाका असं मुख्याधिकारी म्हणाले होते, तो मात्र मी टेबलाच्या खणात कागदाखाली सरकवून ठेवला. तेवढीच माझी हिंमत.

रविवारी मला राहवेना. आबांच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता रडू आलं.

आबा म्हणाले, "रेघा सरळ आल्या ना?"

"हो."

"मग रडतेस कशाला? जागा तू ठरवली नव्हतीस."

त्या समजूतदारपणानं मला आणखी चीड आली. "आबा, रागवा तरी! मला बोला, त्यांना शिव्या द्या! एरवी गटाराच्या फरशीसाठी आकाशपाताळ एक करता!"

त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. दाढी वाढली होती. रोज सहा मैल चालून पाय सुजले होते, ते पाण्याच्या घमेल्यात सोडलेले. माणूस थकला होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. तेवढ्यात स्वैपाकघरातून अक्का बाहेर आल्या, पदराला हात पुसत.

"यायले राग नाई येत तं नको येऊ. मले येते," त्या म्हणाल्या. "कोनाले लिवा लागते, ते सांग वं पोरी."

नियम आबांनाच पाठ होता. नव्या वसाहतीचा नकाशा मंजूर होण्याआधी गावातल्या कोणालाही महिनाभरात हरकत घेता येत असे. त्याची नोटीस नगरपालिकेच्या फळ्यावर लागली होती, जिन्याच्या मागे, जिथे कोणाची नजर जाणार नाही अशी. नोकर म्हणून आबांना हरकत घेता येत नव्हती. पण अक्का काही नगरपालिकेच्या नोकर नव्हत्या.

अक्कांनी सांगितलं, मी लिहिलं. "मी या गावची राहणारी. मला डॉक्टरनं चालायला सांगितलं आहे. मला चालायला जागा नाही. नकाशात दाखवली ती जागा ढोरांची आहे. माणसांना जागा द्यावी." मी म्हटलं, अक्का, जरा सरकारी भाषेत लिहूया. त्या म्हणाल्या, "कामून? मी काय सरकार हाये?"

तो अर्ज घेऊन अक्का घरोघर निघाल्या. रोज सकाळी दोन आळ्या, संध्याकाळी दोन. बाया म्हणत, आमच्या घरचे रागावतील. अक्का म्हणत, अंगठा तुयाच हाये ना? कोणाचे गुडघे धरले होते, कोणाच्या बाळंतपणानंतर कमरेनं दगा दिला होता, कोणाची सासू तीन वर्षं उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. दारोदार हेच ऐकायला मिळालं. मीही संध्याकाळी सोबत जायची. मारवाडी गल्लीत एका कापड दुकानदाराच्या म्हाताऱ्या आईनं आम्हाला आत बसवून पाणी दिलं, अर्ज सुनेकडून वाचून घेतला आणि आपली सही तर केलीच, पण तीन सुनांनाही करायला लावली. महिना भरत आला तेव्हा अर्जाला जोडलेले कागद सही-अंगठ्यांनी भरले होते. आणि मजा अशी, की या हिंडण्यातच अक्कांची साखर उतरली. जळगावच्या डॉक्टरांनी विचारलं, कुठे फिरता? अक्का म्हणाल्या, "भांडत फिरते."

वरच्या ऑफिसातून एक अधिकारी पाहणीला आले. सोबत अध्यक्ष, मुख्याधिकारी, साडू. मलाही नकाशे धरायला नेलं होतं. जीप जिनाच्या जागेशी थांबली आणि अध्यक्ष काचेतूनच हात करून म्हणाले, "ते तिकडे क्रीडांगण." अधिकारी खाली उतरणारही नव्हते. पण खळग्याच्या काठावर अक्का आणि पंचवीस-तीस बाया डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. कोणी घोषणा दिली नाही, कोणी पुढे आलं नाही. नुसत्या उभ्या. अधिकाऱ्यांना उतरावंच लागलं. चार पावलं गेले आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला. खाली एका बैलाचा सांगाडा पडला होता.

"हे क्रीडांगण?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "दुसरा काही प्रस्ताव झाला होता का?"

"नाही साहेब," मुख्याधिकारी म्हणाले.

"झाला होता," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मला तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. गुंडाळीच्या आत दुसरी गुंडाळी होती. आबांचा नकाशा त्या सकाळी खणातून काढून मी सोबत घेतला होता. तो जीपच्या बॉनेटवर पसरला. मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरलेले नाही. पुढच्या महिन्यात माझी हंगामी नोकरी संपली, तिला मुदतवाढ मिळाली नाही. पुढे धुळ्याला एका खाजगी आर्किटेक्टकडे लागले, ते जाऊ द्या.

मालकांचा नकाशा परत आला. आबांचा मंजूर झाला.

आता कोणाला वाटेल, गोष्ट इथे गोड झाली. गाव इतकं सरळ नसतं. नकाशा मंजूर होताच अध्यक्षांनी तो आपला करून टाकला. दोन वर्षांत वसाहत उभी राहिली, मैदान झालं, गोल वाट झाली, निंबाची रोपं लागली, आणि मैदानाला नाव देण्यात आलं अध्यक्षांच्या दिवंगत वडिलांचं. उद्घाटनाच्या पत्रिकेत सगळ्या सदस्यांची नावं, बायकांच्या चालण्यावर हसलेल्या त्या सदस्याचंसुद्धा. आबांचं नाव कुठेच नव्हतं. त्यांना पत्रिकाही नव्हती. ते अजून नदीवरच होते.

मी धुळ्याहून मुद्दाम आले होते. मांडवात अध्यक्ष लाऊडस्पीकरवरून सांगत होते, "आमच्या माता-भगिनींच्या आरोग्याचा विचार आम्ही प्रथमपासून केला." टाळ्या पडल्या. मी मांडवाच्या मागे आबांना शोधत गेले. ते तारेच्या कुंपणापाशी एका ओट्याजवळ उकिडवे बसून फुटपट्टीनं काहीतरी मोजत होते.

"आबा, ऐकताय ना काय चाललंय ते? तुम्हाला काहीच वाटत नाही?"

त्यांनी वर पाहिलं. रागानं चेहरा थरथरत होता. त्यांना इतकं संतापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"दोन फूट!" ते म्हणाले. "मी सव्वा फूट लिहिलं होतं. दोन फूट बांधलाय ओटा! बस, बसून बघ."

मी बसले. माझे पाय लोंबकळत राहिले. ओटा उंच का केला ते खाली वाकल्यावर कळलं. पुढच्या बाजूला संगमरवरी पाटी बसवली होती, अध्यक्षांच्या वडिलांच्या नावाची, आणि ती रस्त्यावरून दिसावी म्हणून ओटा वाढवला होता. सगळेच ओटे तसे. मैदानात पाऊल ठेवलेल्या म्हाताऱ्या बाया एकेका ओट्यापाशी थांबत होत्या, हात लावून पाहत होत्या आणि बसायला न जमून पुढे जात होत्या.

पाहुण्यांची जीप फाटकातून बाहेर पडली, तसा आबांनी ओळखीचा एक गवंडी बोलावला. छिन्नी-हातोडा घेतला. अक्का पदर खोचून शेजारी उभ्या. पाटी अलगद काढली, वरचे थर उतरवले, पाटी पुन्हा खाली बसवली. पहिला ओटा झाला, दुसरा झाला. लोक जमले. कोणी अडवलं नाही, कोणी हातही लावला नाही, नेहमीप्रमाणे. पण चौथ्या ओट्यापर्यंत येता येता त्या मारवाडी गल्लीतल्या आजी आपल्या सुनेचा हात धरून आल्या, पहिल्या ओट्यावर बसल्या, दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि "हां" म्हणून मोठा श्वास सोडला.

आठवड्याच्या आत आबांना मेमो आला. नगरपालिकेच्या मालमत्तेची नासधूस आणि दिवंगत मान्यवरांच्या नामफलकाचा अवमान केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा.

धुळ्याहून पुन्हा येऊन खुलाशाची सुवाच्य प्रत मी केली. मजकूर आबांचा. मी म्हटलं, निदान शेवटी दिलगिरीचं एक वाक्य घालूया, निवृत्तीला वर्ष राहिलंय. त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी सांगितलं ते एवढंच होतं.

"ओटे बसण्यासाठी बांधले होते. आता त्यांवर बसता येते. माणसे बसली की नामफलक त्यांच्या पायांमागे झाकला जातो, हे खरे आहे. माणसे उठली की दिसतो."